निर्णय माझा

मंडळी, "हे नियमात बसत नाही" हे वाक्य मी नोकरीत शेकडो वेळा ऐकले. खरे सांगायचे तर स्वतःही म्हटले. आज त्याच वाक्याशी भांडायचे आहे.

११ मार्च २०११. जपानमधली ओकावा प्राथमिक शाळा. दुपारी पावणेतीनला मोठा भूकंप झाला. शिक्षकांनी मुलांना पटांगणात आणले. भूकंपात मोकळ्या जागी थांबायचे, हा सुरक्षेचाच नियम! शाळेमागेच टेकडी होती. तिकडे जाऊ या, असे काही मुले म्हणतही होती. पण झाडे कोसळली तर? मुख्याध्यापक त्या दिवशी शाळेत नव्हते. सुमारे ५० मिनिटे चर्चेत गेली. शेवटी निघाले ते नदीच्या पुलाकडे, आणि त्सुनामी आली. ७४ मुले आणि १० शिक्षक गेले. त्या शिक्षकांना नावे ठेवायला माझी जीभ रेटत नाही. मीही बहुधा रांगाच सरळ करत राहिले असते.

त्याच आपत्तीत, दुसऱ्या दिवशी, फुकुशिमा अणुवीज केंद्राचे प्रमुख मासाओ योशिदा तापलेल्या अणुभट्टीत समुद्राचे पाणी सोडत होते. पंतप्रधानांची संमती मिळेपर्यंत थांबा, असा वरून हुकूम आला. त्यांनी मोठ्याने "थांबवा" म्हटले, पण सहकाऱ्याला आधीच सांगून ठेवले होते, पाणी चालूच ठेव. पुढे मे महिन्यात त्यांनी हे स्वतः सांगितले आणि कंपनीची तोंडी समजही ऐकून घेतली.

"असे म्हटले तर जो तो नियम मोडेल!" असे कुणी म्हणेल. अहो, आपल्याकडे नियम मोडणाऱ्यांचा कधी तुटवडा होता? पण ते मोडतात स्वतःच्या सोयीसाठी, आणि अंगाशी आले की शिपायावर ढकलतात. माझी कसोटी साधी आहे. ज्यांचा जीव आपल्या हाती आहे, त्यांच्यासाठी नियम मोडलात का? आणि खाली स्वतःची सही केलीत का? दोन्हींचे उत्तर "हो" नसेल, तर नियम पाळा.

आमच्या एका मुख्याध्यापकांनी ओढा चढताना पाहून, परवानगीची वाट न बघता शाळा सोडली होती. लॉगबुकात लिहिले, "निर्णय माझा." संध्याकाळी ओढा ओसरला, काहीच झाले नाही. सरांना मेमो मिळाला. आम्ही स्टाफरूममध्ये हसलो होतो.

त्या हसण्याची आज लाज वाटते.