पोट्टं धावतं, हा त्याचा गुन्हा नाही

चार वर्षांच्या मुलाला थीम पार्कमध्ये नेणं ही भरपाई आहे. नागपूरच्या कडेच्या बेसासारख्या वस्त्यांनी मुलांच्या पायाखालची जमीन प्लॉट पाडून विकली आणि तिची भरपाई आम्ही आई-बाप सुटीच्या दिवशी तिकीट काढून करतो. ती महाग आहे, अपुरी आहे, आणि ती आमच्याकडून वसूल व्हावी हा उघड अन्याय आहे. ‘मुलांसाठी केवढं काय काय आलंय आता नागपुरात’ असं कौतुकानं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मला हे तोंडावर सांगायचं आहे.

माझी लेक चार वर्षांची आहे. ती चालत नाही, धावते. सोफ्यावरून उडी, जिन्याच्या कठड्याला लोंबकळणं, पार्किंगमधून गेटपर्यंत शर्यत, पुन्हा मागे. यात काहीही बिघडलेलं नाही. या वयाचं निरोगी शरीर असंच वागतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली पाच वर्षांखालच्या मुलांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. तीन-चार वर्षांच्या मुलाची दिवसभरात किमान १८० मिनिटं हालचाल व्हावी, त्यातली ६० मिनिटं चांगली दमवणारी असावीत, आणि त्याला एका वेळी तासाभराहून जास्त बांधून बसवू नये, असं त्यांत लिहिलं आहे. ही गरज रोजची आहे. सोमवारची आहे, परीक्षेच्या आठवड्यातली आहे, महिन्याच्या शेवटची आहे.

आता थीम पार्कचा दिवस या कसोटीवर लावा. बेसाहून शहराच्या दुसऱ्या टोकाला जायचं म्हणजे अख्खं नागपूर ओलांडायचं, तोवर पोरगी गाडीत बांधलेली. मग तिकिटाची रांग, बॅग तपासणीची रांग, प्रत्येक राइडची रांग. राइडमध्ये बसली की पुन्हा पट्टा, पुन्हा दांडा. पाळणा दोन-तीन मिनिटांत थांबतो आणि पुढच्या दोन-तीन मिनिटांसाठी पुन्हा ताटकळणं सुरू. हा सगळा वेळ मूल उभं असतं किंवा बांधलेलं असतं. धावण्यासाठी आणलेल्या मुलाला दिवसभर ‘धावू नको’ ऐकावं लागतं. आम्ही गेलो तेव्हा माझी लेक सगळ्यांत जास्त रमली ती रांगेच्या लोखंडी दांड्यांवर. लटकली, खालून सरपटली, वर चढली. तिथंच सुरक्षारक्षकाची शिट्टी वाजली. बिचारा त्याला सांगितलेलं काम करत होता. माझा राग त्याच्यावर नाही. चार वर्षांचं मूल लटकणार हे गृहीत न धरता मुलांच्या नावानं पैसे घेणाऱ्या रचनेवर आहे.

उंचीच्या पट्टीचंही तसंच. मोठ्या झुल्यांवर लहान मूल बसू नये, हे बरोबरच आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ती पट्टी राइडच्या तोंडाशी का? तिकीट खिडकीवर का नाही? पैसे घेताना सांगा ना की, या उंचीच्या मुलाला एवढेच खेळ मिळतील. तसं सांगितलं तर निम्मे पालक परत फिरतील, म्हणून ते सांगितलं जात नाही. रांग संपते, पट्टी येते, पोरगी दोन बोटांनी कमी भरते आणि भर गर्दीत हमसून रडते. त्या रडण्याला लोक ‘हट्ट’ म्हणतात. मी त्याला फसवणूक म्हणते.

फाटकावर डबा काढून ठेवायला लावणं हा तर सरळ अडवणुकीचा धंदा आहे. चार वर्षांच्या पोटाला वेळेवर वरणभात लागतो, पोळीचा लाडू लागतो. तो बाहेर ठेवायचा आणि आत दुप्पट भावानं तळलेलं घ्यायचं. नागपूरचा मे महिना काय असतो ते इथल्यांना सांगायला नको. २०१३ च्या २३ मे रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा गावात, नेमक्या उन्हाळ्याच्या सुटीत, घरून नेलेल्या ताकाच्या बाटलीला कोणी मनाई करत असेल, तर ‘पार्कचे नियम’ म्हणून ते सोडून देता येणार नाही.

आणि सरकार? २०१७ साली जीएसटी आला तेव्हा थीम पार्कच्या तिकिटावर २८ टक्के कर बसला, म्हणजे कॅसिनो आणि घोड्यांच्या शर्यतींच्या पंगतीला. जानेवारी २०१८ मध्ये तो १८ टक्क्यांवर आला. फुकट खेळायची जागा ठेवायची नाही, विकत खेळायला गेलं की त्यावर कर लावायचा, असा हा दुहेरी मार आहे.

‘मग नेता कशाला?’ हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. नेते, कारण बेसात दुसरं काही नाही. मनीषनगरचं फाटक ओलांडून लोक इकडे आले ते स्वस्त जमीन आणि मोकळी हवा पाहून. शेतं होती, त्यांचे लेआउट झाले, लेआउटवर फ्लॅट स्कीम चढल्या. बेसा-पिपळा ग्रामपंचायतीची नगर पंचायत झाली. मानेवाडा-बेसा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दवाखाने, कोचिंग क्लास, मंगल कार्यालयं, बिर्याणीची दुकानं, सगळं आलं. लहान मुलाला बिनधास्त सोडता येईल अशी जागा तेवढी आली नाही. मुलं खेळतात कुठं? बांधकामासाठी टाकलेल्या रेतीच्या ढिगावर. तोच या वस्तीतला सर्वांत चांगला खेळ आहे, आणि तिथून त्यांना हाकललं जातं. संध्याकाळी फ्लॅटच्या पार्किंगमध्ये उतरली की, वरच्या गॅलरीतून आवाज येतोच, “पोट्ट्यायले आवरा न बाप्पा, गाड्यायले धक्के लागते.” गाडीला जागा आहे, तिच्यावर कव्हर आहे. पोरांना नाही.

हे आपोआप झालेलं नाही. राज्याची एकात्मिक विकास नियंत्रण नियमावली २०२० पासून लागू आहे. तिच्यानुसार ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीचा लेआउट पाडताना १० टक्के जागा खेळण्या-फिरण्यासाठी मोकळी ठेवावीच लागते. पण शहराच्या कडेला शेतं त्याच्या कितीतरी आधीच विकली गेली, तीही तुकड्या-तुकड्यांनी, गुंठेवारीनं, मंजुरीविना. तिथं ओपन स्पेस कागदावरही नव्हती. पुढे २००१ चा गुंठेवारी कायदा आला, २०२१ मध्ये त्याची मुदत वाढवून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची गुंठेवारी त्यात घेतली गेली. घरं नियमित झाली, ते योग्यच झालं, कारण माणसांना छप्पर हवं. पण पोरांचा जो १० टक्के हिस्सा खाल्ला गेला, तो कुठल्याही दंडाच्या पावतीत परत आला नाही. त्या जमिनीवर आज कुणाचा तरी हॉल आणि किचन उभं आहे.

जिथं मंजूर लेआउट आहेत आणि ओपन स्पेस नकाशावर शाबूत आहे, तिथं काय दिसतं तेही सांगते. कुठं ट्रान्सफॉर्मर, कुठं मंडप ठेवायची शेड, कुठं देऊळ, कुठं समाजभवन, कुठं गाजरगवत आणि डुकरं. नशीब चांगलं असेल तर फरशीचा वॉकिंग ट्रॅक, मोठ्यांसाठी ग्रीन जिम आणि शेजारी पाटी : ‘येथे खेळू नये.’ देवळाला माझा विरोध नाही, मीही हात जोडते. पण मुलांच्या नावानं राखलेल्या जागेवर मोठ्यांनी आपली सोय आणि आपली श्रद्धा दोन्ही बसवावीत, आणि मुलांनी त्यांच्या भोवतीच्या दीड फुटात खेळावं, हे देवालाही पटायचं नाही.

लेआउटच्या मंजुरीचा विषय महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा, सफाई-दिवाबत्तीचा नगर पंचायतीचा. या दोघांमधल्या फटीत मुलांचं मैदान पडतं आणि कुणी वाकून उचलत नाही. तीन वर्षांच्या नागरिकाला मत नसतं, एवढंच त्यामागचं कारण आहे.

कायद्यातही हे वय बेवारस आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला मैदान असावं असं स्पष्ट लिहिलं आहे. पण तो हक्क ६ ते १४ वयाचा. सहा वर्षांखालची मुलं त्यात नाहीत. म्हणून प्ले स्कूल तळमजल्यावरच्या टू बीएचकेत चालतं, बेडरूममध्ये नर्सरी, हॉलमध्ये केजी वन, भिंतीवर कार्टून, आणि नावात मात्र ‘प्ले’. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण तीन वर्षांपासूनच्या शिक्षणाला पाया मानतं आणि तो खेळातून घडवा म्हणतं. खेळायचं कुठं, हे सांगायची जबाबदारी कुणीच घेत नाही. भारतानं १९९२ मध्ये संयुक्त राष्ट्रांची बालहक्क संहिता स्वीकारली. तिचं ३१ वं कलम मुलाचा खेळण्याचा हक्क मान्य करतं. तो हक्क बेसात कुठल्या सर्व्हे नंबरवर आहे ते मला दाखवा.

पोकळी उरली की तिथं बाजार शिरतो. मैदान नाही म्हणून गेम झोन, मैदान नाही म्हणून तासावर पैसे घेणारे सॉफ्ट प्ले. राजकोटचा गेम झोन आठवा. २५ मे २०२४, उन्हाळ्याची सुटी, सवलतीत ९९ रुपयांचं तिकीट, पत्र्याचा मांडव, अग्निशमन विभागाची परवानगी नाही. २७ माणसं जळून मेली, त्यांत मुलंही होती. अहमदाबादच्या कांकरियाला जुलै २०१९ मध्ये झुला तुटून पडला, दोघं गेले. सगळेच पार्क असे असतात असं मी म्हणत नाही. पण मुलांना चार भिंतींत आणि यंत्राच्या भरवशावर ढकलणारी पहिली चूक नगररचनेची आहे, आणि तिचा जाब कुठल्याही चौकशीत विचारला जात नाही.

धंद्याचा भरवसाही किती धरायचा? दिल्लीचं अप्पू घर १९८४ मध्ये उघडलं, २००८ मध्ये बंद झालं. गोराईचं एस्सेलवर्ल्ड १९८९ चं, २०२२ मध्ये त्याला कुलूप लागलं. आपल्याकडे अंबाझरीजवळचं क्रेझी कॅसल एका पिढीनं पाहिलं, आता ते नाही. त्या व्यवसायाला परवडेनासं झालं की पार्क मिटतं, आणि त्यात मालकाचा दोषही नसतो. म्हणूनच मुलांची रोजची गरज धंद्यावर टांगून ठेवता येत नाही. आणि तरीही शहराच्या नेत्यांना सुचतं ते भव्यच. अंबाझरी उद्यान विकासासाठी खासगी हाती दिलं गेलं, तिथलं डॉ. आंबेडकर सांस्कृतिक भवन २०२१ मध्ये पाडलं गेलं, आणि ते पुन्हा उभं राहावं म्हणून बायांना तिथं धरणं धरावं लागलं. सार्वजनिक जागा गेली की ती परत मिळवायला काय करावं लागतं, हे त्यांनी दाखवून दिलं आहे.

लहान मुलांना काय लागतं, हे कळायला परदेशी सल्लागार नकोत. अमरावतीत संसार केलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम उभं केलं, पुढे ते कोसबाडला गेलं. मुलं अंगणवाडीपर्यंत येत नाहीत, गुरांमागे कुरणात जातात, असं दिसल्यावर त्यांनी आणि अनुताई वाघांनी शाळाच कुरणात नेली. मूल जिथं आहे तिथं सोय न्यायची, ही समज पाऊणशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रात होती. ॲमस्टरडॅममध्ये १९४७ पासून आल्डो फान आइक या वास्तुरचनाकारानं महायुद्धात उजाड झालेल्या आणि गल्लीबोळांतल्या रिकाम्या जागा हेरून सातशेहून अधिक खेळाच्या जागा केल्या. साहित्य काय? वाळूचा हौद, लटकायला लोखंडी कमानी, उड्या मारायला दगड. माझ्या लेकीनं रांगेच्या दांड्यावर जे केलं, तेच तिथं मानानं करता यायचं.

तेव्हा माझी मागणी ऐका. बेसा-पिपळातल्या प्रत्येक लेआउटची ओपन स्पेस सर्व्हे नंबर आणि क्षेत्रफळासह जाहीर करा, त्या जागेवर तशी पाटी लावा. अतिक्रमण कुणाचं आहे तेही लिहा. जिथं जागाच उरली नाही तिथं सरकारी पैशानं प्लॉट विकत घ्या. रस्त्यासाठी घेता येतो, तर पोरांसाठीही घेता येईल. प्रत्येक जागेला कुंपण, वाळूचा हौद, मातीचा उंचवटा, दांड्या, पाण्याचा नळ, कडुनिंबाची सावली, स्वच्छतागृह, आणि उन्हाळ्यात रात्री नऊपर्यंत दिवे. घरापासून पायी दहा मिनिटांत. तिकीट नाही. आणि थीम पार्कवाल्यांनो, उंचीची पट्टी खिडकीवर लावा, सहा वर्षांखालच्या मुलाचा डबा आत येऊ द्या.

सोसायटीच्या बैठकीत, प्रभागाच्या सभेत, मत मागायला दारी आलेल्या प्रत्येकासमोर मी एकच प्रश्न ठेवणार आहे : माझ्या पोरीनं आज संध्याकाळी धावायचं कुठं? पुढच्या पंचवार्षिक आराखड्यात नाही, आज संध्याकाळी. ज्याच्याकडे याचं उत्तर नाही, त्यानं बेसाच्या विकासाचं बॅनर आमच्या चौकात लावू नये. लावलं, तर आम्ही आया ते उतरवू.