मोटारीच्या मापाने मुलगा मोजू नका

परदेशी गेलेल्या मुलाची परीक्षा घेण्याची आपल्या मध्यमवर्गात एक सोपी रीत आहे. पगार विचारणे असभ्य, म्हणून विचारायचे, "काय रे, गाडी घेतलीस की नाही?" 'घेतली' म्हटले की मुलगा पास, 'नाही' म्हटले की नापास, आणि आईबापांच्या माना खाली! वर्षानुवर्षे उत्तरपत्रिका तपासणाऱ्या माझ्यासारख्या मास्तराला हा प्रश्नच चुकीचा वाटतो. किती चुकीचा, हे पाहायला सिंगापूरला चला. आपली पुष्कळ मुले तिथे नोकरीला आहेत.

तिथेही वाहने आपल्यासारखी डावीकडून धावतात. पण साम्य तेवढेच. बाहेरचा वाहनपरवाना तिथे ठरावीक मुदतीपुरता चालतो. पुढे नियमांची परीक्षा देऊन तिथला घ्यावा लागतो. हे रास्तच आहे. खरी गोम मालकीत आहे. १९९० पासून तिथे मोटार घेण्याआधी मोटार बाळगण्याचा हक्क विकत घ्यावा लागतो. या हक्कपत्रांचा महिन्यातून दोनदा लिलाव होतो आणि मुदत असते दहा वर्षांची. ऑक्टोबर २०२३ मध्ये मोठ्या मोटारीच्या हक्कपत्राचा भाव दीड लाख सिंगापुरी डॉलरांवर गेला. त्या वेळच्या दराने सुमारे नव्वद लाख रुपये! एवढ्यात मोटारीचे एक चाकदेखील येत नाही. गाडीची किंमत आणि नोंदणीचे कर निराळेच. दहा वर्षे भरली की चालू भावाने पुन्हा पैसे मोजा, नाही तर गाडी मोडीत काढा किंवा देशाबाहेर धाडा.

आता सांगा, याला मालकी म्हणायचे की भाडेपट्टा? कर्ज मिळते, पण किमतीच्या फार तर साठ-सत्तर टक्के, सात वर्षांच्या मुदतीने. बाकीची रक्कम रोख. आणि मुलाचा तिथला मुक्काम नोकरीवर अवलंबून! उद्या नोकरी सुटली की बिऱ्हाड आवरायचे आणि गाडी येईल त्या भावाला फुंकायची. शेजारच्या काकूंना फोटो दाखवता यावा एवढ्यासाठी पोराने हा धोंडा गळ्यात बांधून घ्यायचा काय?

कोणी म्हणेल, हा तर श्रीमंतांचा कायदा झाला. आक्षेप खरा आहे. लिलावात ज्याची थैली मोठी त्याचीच सरशी होते. तान्हे मूल कडेवर घेतलेल्या आईची गरज तिथे कोणी तोलत नाही. पण दुसरी बाजूही पाहा. सारा देश जेमतेम साडेसातशे चौरस किलोमीटरांच्या आत. त्यातली सुमारे बारा टक्के जमीन रस्त्यांनी आधीच खाल्लेली. म्हणून १९७५ पासूनच गर्दीच्या भागात गाडी नेण्याचा आकार सुरू झाला, १९८७ मध्ये शहरी रेल्वे आली आणि २०१८ पासून तर मोटारींची एकूण संख्या वाढूच द्यायची नाही असे ठरले. रस्ता सर्वांचा आहे, तो अडवणाऱ्याने मोल द्यावे, हा त्यामागचा विचार. बिनमोटारीच्या माणसाला तिथे कोणी बिचारा म्हणत नाही. साहेब आणि कारकून एकाच डब्यात उभे असतात.

आपण काय करतो? दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घालतो आणि वर्षभर ती पदपथावर उभी करतो. तिच्या पायी म्हातारी माणसे रस्त्यावरून चालतात, पोरे जीव मुठीत धरून शाळेत येतात. रस्ता फुकट नाही. त्याची किंमत ही पायी चालणारी माणसे मोजतात, एवढेच. आणि हेच आपण त्या सिंगापूरच्या मुलाला नापास ठरवतो!

तेव्हा आईबापहो, या पाडव्याला मुलाचा फोन येईल तेव्हा गाडीचे विचारू नका. कर्ज किती आहे, जेवण वेळेवर होते का, कामावरून घरी किती वाजता पोचतोस, हे विचारा. आगगाडीने वेळेवर घरी येऊन तो मुलाबाळांबरोबर जेवत असेल, तर त्याला बेलाशक पहिला वर्ग द्या.