लिंक फुकट आहे, वाचणारा कुठे आहे?

करिअर मार्गदर्शनाच्या मेळाव्यात हल्ली एक वाक्य ठरलेलं असतं: "सगळं ऑनलाइन फुकट आहे, फक्त शिकायची इच्छा पाहिजे." टाळ्या पडतात, ग्रुपवर दहा-बारा लिंका येतात आणि समाजाचं कर्तव्य संपतं. पुढे पोरांनी कोर्स अर्धवट सोडला, की दोष त्यांच्या इच्छेला. हे खोटं तर आहेच, शिवाय निर्दयही आहे.

हार्वर्ड आणि एमआयटीच्या एडएक्सवरच्या कोर्सना २०१७-१८ मध्ये नाव नोंदवणाऱ्यांपैकी जेमतेम ३ टक्के लोकांनी कोर्स पूर्ण केला. हा आकडा मुंब्रा-मालेगावचा नाही, जगभरचा आहे. आता सगळ्या जगाची इच्छाच कमी पडली, असं म्हणायचं का?

फुकट मिळतो तो व्हिडिओ. एकदा बनवला की लाखोंना दाखवता येतो. तुम्ही लिहिलेलं कुणीतरी वाचणं आणि "इथे चुकलंय" असं सांगणं मात्र महाग आहे, कारण त्याला दरवेळी माणूस लागतो. स्टॅनफर्डच्या २०११ च्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कोर्सला सुमारे १ लाख ६० हजारांनी नाव नोंदवलं. चार पर्यायांचे प्रश्न यंत्र तपासतं, पण निबंध किंवा डिझाइन कोण तपासणार? म्हणून कोर्सेराने विद्यार्थ्यांनाच एकमेकांचं काम तपासायला लावलं. स्कॉट क्लेमर यांच्या २०१२ च्या कोर्समध्ये हे मनापासून केलं होतं. शिक्षकांनी आधीच गुण दिलेले नमुने विद्यार्थ्याने आधी स्वतः तपासून बघायचे, मग सोबत्यांचं काम, शेवटी स्वतःचं. तपासणं हेसुद्धा तिथे शिकवलं जात होतं.

पुढे बऱ्याच ठिकाणी त्याचा सांगाडा उरला. तीन फाइली उघडा, गुणांवर टिचकी मारा, "गुड वर्क" लिहा, सुटलात. त्यातही कोर्सेराच्या अनेक कोर्समध्ये गुण मिळणारा स्वाध्याय पैसे भरल्याशिवाय उघडतच नाही. म्हणजे फुकट्याने बघत बसायचं, त्याचं काम कुणी वाचणार नाही. आपल्याकडच्या एनपीटीईएलमध्ये दर आठवड्याचा स्वाध्याय बहुतेक यंत्रच तपासतं. त्याची उत्तरं टेलिग्रामवर फिरतात आणि त्या फिरवाफिरवीला आपण 'स्टडी ग्रुप' म्हणतो!

ग्रुप काढला की समाज होत नाही. फेब्रुवारी २०१३ मध्ये जॉर्जिया टेकचा एक कोर्स पहिल्याच आठवड्यात बंद पडला. ४० हजारांहून जास्त विद्यार्थ्यांनी गटात येण्यासाठी एकाच ऑनलाइन तक्त्यात नावं भरायची होती आणि तो तक्ताच कोसळला. कोर्सचा विषय काय, तर ऑनलाइन कोर्सचं नियोजन. हसा खुशाल, पण आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये तरी काय आहे? शेकडो नावं, बोलणारे चार, आणि तेही "माशाअल्लाह" म्हणून गप्प.

वाहवा आपल्याला छान जमते. मुशायऱ्यांचा वारसा आहे. पण त्याच वारशात इस्लाहसुद्धा होती. नवा शायर आपली गझल उस्तादाकडे न्यायचा, उस्ताद शब्द खोडायचा, ओळ फिरवायचा. त्यात कुणाचा अपमान होत नसे. आपण वाहवा ठेवली आणि इस्लाह सोडून दिली.

"आम्हालाच येत नाही, दुसऱ्याचं काय तपासणार?" हा प्रश्न नेहमी येतो. पण "तिसऱ्या परिच्छेदात तुला काय म्हणायचंय ते कळलं नाही" हे सांगायला पदवी लागत नाही. मैत्रिणीचा कोड आपल्या मशीनवर चालवून तो कुठे अडकला ते सांगायला फक्त अर्धा तास लागतो. इंग्रजी अडत असेल तर मराठीत सांगा, उर्दूत सांगा, बागवानी-दखनीत सांगा. चूक कळल्याशी मतलब. चार-पाच जण पुरेत, पण प्रत्येकाने दर आठवड्याला दुसऱ्याचं काम वाचलंच पाहिजे. जो स्वतःचं दाखवतो आणि दुसऱ्याचं वाचत नाही, त्याला काढा.

आणि हे गट रात्री चहाच्या टपरीवर भरवू नका. बाहेर क्लासला जाऊ देत नाहीत, म्हणून तर अनेक मुली ऑनलाइन शिकतात. त्यांना टपरीवर बोलावणं म्हणजे न बोलावणंच. मोहल्ल्यातला निकाहचा हॉल दुपारी रिकामा असतो. दहावी-बारावीच्या सत्काराला ट्रस्ट ढालींवर खर्च करतो, त्याच पैशात इंजिनिअर झालेल्या एखाद्या दीदीला महिन्याचे चार रविवार मुलींचं काम वाचायला बसवता येईल. पुढच्या सत्कारात ढाल घेताना ट्रस्टी साहेबांना माइकवरच विचारा: हॉलची किल्ली कुणाकडे असते?