घर शोधणारा ड्रॅगन

या वेळी मुलांना रात्री सांगावी अशी एक गोष्ट. कॉर्नेलिया फुंके या जर्मन लेखिकेची ‘ड्रॅगन रायडर’ ही कादंबरी १९९७ साली मूळ जर्मन भाषेत निघाली.

स्कॉटलंडच्या एका दरीत थोडे ड्रॅगन लपून राहतात. माणसे ती दरी पाण्याखाली घालणार, अशी बातमी येते. म्हातारा ड्रॅगन सांगतो, हिमालयात ‘स्वर्गाची कड’ नावाची जागा आहे, माणसांपासून दूर. बाकीचे जागचे हलत नाहीत. तरुण फायरड्रेक मात्र निघतो. वाटेत त्याला बेन हा अनाथ पोरगा भेटतो. त्यालाही घर नाही. मागावर सोनेरी चिलखताचा राक्षस आहे. त्याने पाठवलेला चिमुकला हेरच बेनच्या मायेने पुढे मित्र होतो.

जागा सापडते, पण तिथले ड्रॅगन त्या राक्षसाच्या भीतीने गुहेत दडलेले. ही जात चांदण्यावर जगणारी. चांदणे तुटले आणि त्यांचा दगड झाला. माया नावाची एकच मादी जागी उरली. ती, फायरड्रेक आणि सारे सोबती मिळून राक्षसाला संपवतात. बेनलाही आईबाप मिळतात.

धरणाच्या पाण्यात गाव गेलेली माणसे आपल्याही वस्तीत आहेत. त्यांच्याकडे मुलांना बसवा, त्यांची हकिगत ऐकू द्या. मग मुलांना विचारा, गुहेतल्यांचा दगड का झाला? उत्तर त्यांचे त्यांनाच शोधू द्या.