कॅसेटने गाळलेला पराभव

व्हिडिओ गेमच्या नावाने बोटे मोडणारे लोक मला मुळीच आवडत नाहीत. चकलीचा तुकडा मोडता मोडता ‘या यंत्रांनी पोरे मारकुटी झाली’ असा निकाल देणारे एक तरी गृहस्थ दिवाळीत प्रत्येक घरी असतात, आणि त्यांनी जन्मात कधी ते खोके हातात धरलेले नसते. मी धरले आहे. सत्तरीत धरले आहे, आणि डाव्या अंगठ्याला फोड येईपर्यंत धरले आहे. तेव्हा माझे भांडण जरा ऐकून घ्यावे. ते वेगळे आहे.

पुतण्याने कुठूनसे एक जुने ‘सेगा मास्टर सिस्टीम’ पैदा केले आणि त्याबरोबर 1987 सालची ‘रॉकी’ ही कॅसेट. रॉकी म्हणजे सिल्व्हेस्टर स्टॅलनच्या चित्रपटमालिकेतला फिलाडेल्फियाचा मुष्टियोद्धा. खेळ समजायला सोपा. आधी सराव : वेळ संपायच्या आत बटण बडवून ठोसे पुरे करायचे. मग झुंज. पहिला अपोलो क्रीड. तो पडला की क्लबर लँग. तो पडला की रशियाचा इव्हान ड्रॅगो. त्या काळच्या मानाने चित्रे झकास, माणसे चांगली ऐसपैस. पण क्रीडला हरवल्याशिवाय पुढचे दार उघडत नाही, आणि इथेच माझे डोके फिरते.

अहो, 1976 सालच्या पहिल्या चित्रपटात रॉकी हरतो! आदल्या रात्री तो एड्रियनला सांगतो, की या क्रीडला काही आपण हरवू शकत नाही. शेवटची घंटा होईल तेव्हा पायांवर उभे असलो म्हणजे झाले. आणि पंधराच्या पंधरा फेऱ्या तो उभा राहतो. पंचांचा कौल क्रीडकडे जातो, तोही एकमताने नव्हे. पण रॉकीचे तिकडे लक्ष कुठे आहे? सुजल्या डोळ्यांनी तो गर्दीत एड्रियनला हाका मारतो आहे. स्टॅलनला ही कथा सुचली तीसुद्धा एका हरलेल्या माणसावरून. 24 मार्च 1975 रोजी चक वेपनर महंमद अलीसमोर उभा राहिला. नवव्या फेरीत त्याने अलीला खाली बसवले, आणि पंधरावी फेरी संपायला अवघे 19 सेकंद उरले असताना पंचाने झुंज थांबवली. एकोणीस सेकंद!

पुढेही तेच. 1982 च्या तिसऱ्या भागात लँग रॉकीला आधी दुसऱ्याच फेरीत लोळवतो आणि त्याच रात्री त्याचा म्हातारा गुरू मिकी जातो. 1985 च्या चौथ्या भागात ड्रॅगोच्या ठोशांनी क्रीड मरतो. तीन प्रतिस्पर्धी, आणि तिघांवरच्या विजयाआधी एकेक पराभव किंवा मरण. कॅसेटवाल्यांनी नेमके तेवढेच गाळले. करंजीतले सारण काढून घ्यावे आणि पाहुण्यापुढे पारी ठेवावी, तसे.

‘खेळच तो, खेळात जिंकायचेच असते,’ असे कोणी म्हणेल. असेल. पण चौदाव्या फेरीत पडलेला आणि पहिल्याच फेरीत आडवा झालेला, दोघांना एकाच मापाने मोजणारे यंत्र मला मान्य नाही.

आणि यंत्राला तरी काय बोलावे? ते आमच्याच घरात शिकून गेले असावे. 1971 साली मी मॅट्रिकला गणितात गचकलो, तेव्हा वडिलांनी नातेवाइकांत मला विषमज्वर करवला. परीक्षेला बसलोच नाही, असे सर्वांना कळवले. पुढे तीन दिवाळ्या नागपूरची आत्या मला पाहिले की विचारी, ‘आता अंगात ताकद आली का रे?’ आणि मी मान खाली घालून ‘हो’ म्हणे. नापास झाल्याचे दुःख पंधरा दिवसांत ओसरले होते. त्या ‘हो’ची लाज मात्र आज फराळाच्या ताटावरही येते.

पुतण्याचा मुलगा दहा वर्षांचा आहे. क्रीडने पाडले, की आकडे पुरे मोजून व्हायच्या आत तो यंत्रच बंद करतो. म्हणजे हरलोच नाही! चित्रपटाची गोष्ट मी त्याला सांगितली, तर तो म्हणाला, ‘आजोबा, हरला तर मग त्याच्यावर पिक्चर कशाला काढला?’ त्याचा बाप हसला. मला हसू आले नाही, कारण गेल्या महिन्यात शाळेच्या चित्रकला स्पर्धेत त्याचे काय झाले, हे या घरात अजून कोणी मोठ्याने बोललेले नाही.

तेव्हापासून मी माझा हिशेब वेगळा ठेवतो. रोज रात्री एक झुंज. पडलो की यंत्र चालूच ठेवायचे, क्रीडला हात उंचावू द्यायचे, आणि कितव्या फेरीत पडलो तो आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकोनात लिहायचा. दोन, चार, तीन, सात. परवा अकरा. सकाळी पाहतो तो अकराच्या खाली पेन्सिलीने, वेड्यावाकड्या अक्षरात, कोणीतरी ‘6’ लिहून ठेवला होता.