शोरील आधी, प्लेसमेंट नंतर

यवतमाळ, पुसद, वणीतून ॲनिमेशन किंवा गेमिंग शिकायला पुण्या-मुंबईला निघालेल्या मुलांचे पालक आधी प्लेसमेंटचा आकडा विचारतात. पाहायला हवे ते तिथल्या कॉलेजांतल्या विद्यार्थ्यांनी पुरे केलेले काम. स्टुडिओही पदवीआधी शोरीलच, म्हणजे स्वतःच्या कामाची चित्रफीतच, बघतो. २०२५ मध्ये ऑस्कर मिळवणारा लॅटव्हियाचा ‘फ्लो’ हा ॲनिमेशनपट ब्लेंडर या फुकट सॉफ्टवेअरवर घडला, त्यामुळे चकचकीत लॅबच्या जाहिरातीला किती भुलायचे? मग कॉलेज हवेच कशाला, असे कुणी म्हणेल. पण चित्रकलेची बैठक, चुका रोखठोक दाखवणारा शिक्षक आणि गटात काम करायची सवय यूट्यूबवर मिळत नाही. महानगरातल्या ओळखीही कामी येतात, हे खरेच. तरी कापसाच्या पैशातून लाखोंची फी भरण्याआधी मुलाने घरीच एक छोटी फिल्म तडीस न्यावी, आणि आयआयटी मुंबईच्या डिझाइन शाखेसाठी यूसीड परीक्षाही द्यावी.