कंसातून योग्य शब्द निवडा

इंग्रजीच्या पेपरातला एक प्रश्न माझ्या डोळ्यांत कायम खुपत आला आहे. ‘कंसातून योग्य प्रेपोझिशन निवडून रिकाम्या जागा भरा.’ मंडळी, यात निवडण्यासारखं काय असतं? ‘अफ्रेड’च्या पुढे ‘ऑफ’ येतं. का? येतं म्हणून. मुलानं कितीही डोकं चालवलं तरी ते विचार करून सापडणारं नाही. ज्याच्या कानावर इंग्रजी पडतं त्याला येतं, ज्याच्या घरात आणि गल्लीत ते नाही त्याला येत नाही. म्हणजे हे मार्क बुद्धीचे नव्हेत, शेजारपाजाराचे!

शिकवणारे सांगतात, अर्थ लावा म्हणजे जमेल. कसला अर्थ लावायचा? भीतीचंच बघा. संस्कृतात ज्याची भीती ते पंचमीत, पाणिनीनं तसा नियमच केला आहे. हिंदीवाला ‘कुत्ते से’ डरतो. आपण कुत्र्याला भितो, पण भीती ‘वाटते’ म्हटलं की लगेच कुत्र्याची. कुत्रा तोच, भीती तीच. याचं कारण आपण कधी कुणाला विचारलं नाही.

मग मूल बिचारं मराठीवरून अंदाज करतं. दादाचं वहिनीशी लग्न झालं, म्हणून ‘मॅरिड विथ’. यात मूर्खपणा कुठे आहे? ‘शी’ म्हणजे ‘विथ’ हे आपणच शिकवलेलं असतं. ‘डिपेंडंट’चं ‘ऑन’ आपल्या ‘वर अवलंबून’शी छान जुळतं, मूल खूष. पण त्याचंच ‘इंडिपेंडंट’ झालं की ‘ऑन’ जाऊन ‘ऑफ’ येतं. जिथे कारण आहे तिथे तरी सांगावं की नाही? ‘सीनियर’, ‘ज्युनियर’, ‘सुपीरियर’ हे लॅटिनमधून आलेले, मुळातच तुलनेचे शब्द, म्हणून त्यांना ‘दॅन’ नको, ‘टू’ लागतं. सांगायला दोन मिनिटं लागतात आणि मुलं विसरत नाहीत.

खरा संताप पुढेच आहे. नातीच्या वहीत ‘डिफरंट टू’वर ही एवढी लाल फुली! ‘डिफरंट फ्रॉम’ सगळीकडे चालतं, तेच शिकवावं, माझी ना नाही. पण ब्रिटनमध्ये लोक ‘डिफरंट टू’ सर्रास म्हणतात, अमेरिकेत ‘डिफरंट दॅन’ म्हणतात. फाउलरसारख्या कडक माणसानं १९२६ सालच्या आपल्या कोशात ‘फ्रॉमच हवं’ या हट्टाला अंधश्रद्धा म्हटलं. साहेबाला जे चालतं ते आमच्या तपासणाऱ्यांना चालत नाही.

निवडायलाच लावायचं असेल तर जिथे निवड आहे तिथे लावा ना. गणितात ‘गुड ॲट’, तब्येतीला ‘गुड फॉर’, आईशी चांगलं वागणारा तो ‘गुड टू’. इथे अर्थ बदलतो, मूल विचार करतं. बाकीच्या जोड्या जोडीनंच शिकवा, ‘अफ्रेडऑफ’ हा एकच शब्द असल्यासारख्या, वाक्यात, मोठ्यानं बोलून. कुणी म्हणेल, बाई, हे पाठांतरच झालं. झालं तर झालं. प्रेम ‘वर’ आणि द्वेष ‘चा’ हे आपण असंच शिकलो.

मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. इतकी वर्षं शिकून मुलगी ‘आय ॲम इंटरेस्टेड’ म्हणते आणि थांबते. ‘इन’ की ‘ऑन’? पुढचं सगळं तिला सांगता येत असतं, पण लाल फुली आठवते आणि ती खाली बसते. अशा कितीतरी मुली मी पाहिल्या.

आणि ‘मॅरिड विथ’ला हसणाऱ्या आमच्या नातलगांनो (वाचताय ना, मला ठाऊक आहे!), तुमचा परदेशातला नातू फोनवर ‘आजी, मी कुत्र्याचा भितो’ म्हणतो, तेव्हा किती गोड बोलतो म्हणून तुम्ही चार घरी सांगत सुटता.